प्रयाग ते वाडी: होडीच्या प्रकल्पाच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४

पाणी उतरलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पुढं ती ४७ फुटांवर गेली. तेव्हा शिवाजी पुलावर उभं राहायला जागा नव्हती. आज पुलावर थांबलेलं एकही माणूस नाही. आम्हा कोल्हापूरकरांचा नदीशी संबंध आता एवढाच उरलाय: पुरात पुलावरून बघायची, विसर्जनाला घाटावरून. पाण्यावर बसून नदी बघितलेली माणसं साठीच्या पुढं गेली.

म्हणून हे काम हातात घेतलं. स्वतःची होडी बांधायची, प्रयाग चिखलीच्या संगमावर पाण्यात सोडायची आणि पंचगंगेनं नरसोबावाडीला (आम्ही नुसतं वाडी म्हणतो) कृष्णेपर्यंत जायचं. नदीची लांबी साधारण ८० किलोमीटर. दुसरा टप्पा जुन्या कालव्याचा. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा १८६० च्या दशकातला आहे. त्याच्या पाण्यातून होडी जाऊ शकते का, हे प्रत्यक्ष बघायचं.

मंडळी चार. मी, थोरला भाऊ, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला पुतण्या आणि आमचे सुतारमामा. मामांनी आयुष्यभर दारं, खिडक्या, देव्हारे केले; होडीला कधी हात लावलेला नाही. आराखडा बराच वेळ बघून म्हणाले, "पाणी आत येणार न्हाई असं खोकं करायचं, न्हवं? हुतंय की."

२५ ऑगस्ट

सपाट बुडाची होडी ठरली. लांबी १४ फूट, बुडाशी रुंदी ३ फूट. गोल बुडाची होडी वेगात सरस असते, पण आमच्या नदीत वेगाचा उपयोग नाही. काठाला चिखल, मधे गाळाचे उंचवटे, आणि प्रत्येक बंधाऱ्याला होडी पाण्याबाहेर काढायची. तिथं हलकेपणा आणि सपाट बूडच कामाला येणार.

पुतण्यानं गणित मांडलं ते इथं लिहून ठेवतो, कारण पुढं सामान किती घ्यायचं ते त्यावरच ठरेल. नाळेकडं, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागं निमुळती होते ते धरून बुडाचं क्षेत्रफळ ३३ चौरस फूट. होडी एक इंच खाली बसली की पावणेतीन घनफूट पाणी बाजूला सारते, म्हणजे साधारण ७८ लिटर, म्हणजेच ७८ किलो वजन पेलते. दोन माणसं १४० किलो, होडी ५०, सामान ४०. बेरीज २३०. होडी तीन इंच पाण्यात बसेल. घोटाभर पाणी असलं तरी ती चालणार. हा आकडा ऐकून भाऊ पहिल्यांदा खूश दिसला.

२२ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. या आठवड्यात लाकूडकाम उभं राहिलं.

सहा मिलिमीटरचा मरीन प्लाय, आठ बाय चारच्या चार शीट. एक शीट साधारण १२ किलोची. चौदा फूट लांबीसाठी जोड लागतोच. टोकाला टोक लावून पट्टी मारली तर नेमका तिथंच प्लाय मोडतो, म्हणून दोन्ही टोकं तिरकी तासून एकावर एक बसवली. जाडीच्या आठपट, म्हणजे ४८ मिलिमीटरचा उतार. मामांनी रंधा लावला आणि प्लायच्या थरांच्या सगळ्या रेघा समांतर दिसेपर्यंत तासत राहिले. त्या रेघा वाकड्या दिसल्या तर उतार वाकडा, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. जोड बसल्यावर त्यावरून बोट फिरवलं तर सांधा हाताला लागत नाही.

पुढचा प्रकार मामांना नवीन होता. फळ्यांच्या कडांना बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं त्या शिवायच्या, पक्कडीनं पिळून आकार आणायचा आणि मग सांध्यात रेझिन आणि लाकडाच्या पिठाचा लगदा भरायचा. तार उद्यमनगरातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणली. सपाट फळ्या जमिनीवर पडल्या होत्या तोवर कुणालाच विश्वास नव्हता. तारा पिळत गेलो तसतशा कडा उचलत गेल्या, नाळेला बाक आला, आणि शेडमध्ये होडी उभी राहिली. मामा लांब जाऊन बघून आले, परत येऊन डाव्या बाजूची एक तार अर्धा पीळ सैल केली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

हवेत ओल आहे, रेझिन चिकट राहतं. हॅलोजनचे दिवे लावून शेड गरम ठेवतोय.

६ ऑक्टोबर

खोडशीला जाऊन आलो. कृष्णेवर आडवा दगडी बंधारा, पाणी त्यावरून सांडतंय आणि बाजूनं कालवा निघतो. कऱ्हाड, वाळवा, पलूस, तासगाव या तालुक्यांतल्या शेतांना दीडशे वर्षांहून जास्त काळ हे पाणी मिळतंय. कालव्याच्या काठानं बरंच अंतर चाललो.

होडीच्या दृष्टीनं निष्कर्ष स्पष्ट आहे: नाही. हा कालवा सिंचनासाठी केलेला आहे. पाणी आवर्तनानं सुटतं, म्हणजे आज भरलेला कालवा पुढं कोरडा असू शकतो. वाटेतल्या काही पुलांखाली बसूनसुद्धा डोकं वाचणार नाही. मुख्य म्हणजे दरवाज्यांपाशी होडीला पलीकडं जायची कसलीच सोय नाही, कारण होडी येईल असा विचारच या बांधणीत नव्हता. नुसती हौस म्हणून शेतीच्या पाण्यात होडी घालून कुणाची पाळी अडवणं हेही योग्य नाही.

मन मात्र त्या दगडांत गुंतलं. काठावर एक आजोबा म्हशी धुवायला आले होते. "ह्या पाटानं आमची चौथी पिढी जगीवली," एवढंच म्हणाले आणि म्हशीला हाकारा दिला.

परतीच्या वाटेवर गाडीत पुतण्यानं प्रश्न काढला. कालवा म्हणजे काय? माणसानं अडवलेलं, पातळी राखलेलं, दरवाज्यादरवाज्यानं पुढं सोडलेलं पाणी. मग आपली पंचगंगा डिसेंबरात वेगळी कुठं असते?

तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

२० ऑक्टोबर

गावाकडच्या शेततळ्यात चाचणी झाली. पाणी शिरलं नाही. तीन इंचांचा अंदाज बरोबर निघाला. रंगाची खूण केली होती तिथंच पाणी लागलं. वल्ही सागाची, आठ फुटी, पात्याजवळ मामांनी पातळ केलेली.

१५ नोव्हेंबर

त्रिपुरारी पौर्णिमा. पहाटे चारला पंचगंगा घाटावर गेलो. घाटभर पणत्या. दीपोत्सव बघायला नाही, पाणी बघायला गेलो होतो, पण तासभर पाय निघाला नाही.

उजेड फुटल्यावर ब्रह्मपुरीकडं चालत गेलो. घाटाच्या अंगाला हे टेकाड आहे. इथं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनकाळची वस्ती उजेडात आली. ब्रह्मपुरीला सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंत रोमन घडणीची एक छोटी मूर्ती आहे: पोसायडन, समुद्राचा देव. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ती बघता येते. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती घाट चढवून पंचगंगेच्या काठावर आणली. शाळेच्या सहलीत मी ती बघितली होती आणि पुढं गेलो होतो. आता होडी बांधून झाल्यावर त्या मूर्तीचं महत्त्व कळतंय: हे गाव व्यापाराच्या वाटेवरचं होतं.

१ डिसेंबर

बंधाऱ्यांची पाहणी पूर्ण. प्रयागच्या खाली पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ. पावसाळ्यात रोजच्या बातमीत ही नावं ओळीनं येतात, "पाण्याखाली गेलेले बंधारे" म्हणून. आज त्यांच्याकडं पहिल्यांदा अडथळे म्हणून बघितलं.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा देशभर याच नावानं ओळखला जातो, पण तो चालतो कसा हे शहरातल्या किती जणांना माहीत आहे? नदीत आडवे दगडी खांब. दोन खांबांमधला मोकळा गाळा. खांबांच्या अंगाला वरपासून खालपर्यंत उभ्या खाचा. पावसाळा संपला की त्या खाचांत एकावर एक आडवे बरगे सोडायचे, पूर्वी लाकडी, आता बहुतेक लोखंडी. बरग्यांच्या दोन रांगा आणि मधे माती ठासायची. पाणी मागं तुंबतं. मे संपायला आला की सगळे बरगे काढून काठावर रचायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. धरणासारखा कायमचा अडथळा नाही. गाळ आणि पूर दोन्ही निघून जातात. ही योजना साधी आहे आणि म्हणूनच टिकली.

एका बंधाऱ्यावर बरगे घालणाऱ्या मामांशी बोलणं झालं. अंगठ्याएवढी फट राहिली तरी रात्रीत फूटभर पाणी जातं, म्हणून ते पायानं मातीचा आवाज ऐकतात. "भद्द वाजली तर भरल्याली. पोकळ वाजली तर परत ठासायची." आम्ही होडी घेऊन येणार म्हटल्यावर त्यांनी गंभीरपणे सांगितलं ते शब्दशः असं: "वरच्या अंगाला बंधाऱ्याजवळ येऊ नगासा. शंभर पावलं आधीच काठ धरा. आनि खालच्या अंगाला सांडव्याखाली तर अजिबात नको."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाला जाऊन वर येतं तेव्हा पृष्ठभागावरचं पाणी उलटं, बंधाऱ्याकडं ओढलं जातं. त्यात सापडलेलं लाकूड तासन्‌तास तिथंच गरगरत राहतं, आणि माणूसही. उंची चार फूट दिसते म्हणून त्याला कुणी हलकं समजू नये. दरवर्षी पोहायला गेलेली पोरं जातात ती अशाच जागी.

नियम ठरले. लाइफ जॅकेट पाण्यात पाऊल टाकायच्या आधी चढवायचं आणि काठावर आल्यावरच काढायचं. शंभर पावलांचा नियम पाळायचा. अंधार पडायच्या आत काठावर. कृष्णेत सांगलीकडं मगरी आहेत आणि पंचगंगेतही त्या दिसल्याच्या बातम्या येतात, म्हणून लव्हाळ्याच्या काठाला उतरायचं नाही, हात पाण्यात सोडून बसायचं नाही. पाटबंधारे कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींत पत्रं दिली. १४ डिसेंबरला दत्त जयंती आहे, वाडीत पाय ठेवायला जागा नसणार, निघायचं त्यानंतर.

१९ डिसेंबर, राजाराम बंधारा

सकाळी प्रयागला होडी पाण्यात. भोगावती आणि कासारी इथं एकत्र दिसतात. तुळशी आणि कुंभी आधीच मिसळून आलेल्या, पाचवी सरस्वती गुप्त म्हणतात. मामांनी नारळ फोडला. भाऊ वल्ह्यावर, मी मागं. पुतण्या आणि मामा छोटा हत्ती टेम्पोतून रस्त्यानं, होडीची गाडी घेऊन. ही गाडी उद्यमनगरात करून घेतली: लोखंडी अँगलचा सांगाडा आणि दुचाकीची जुनी चाकं.

पहिल्या तासातच जाणवलं की प्रवाह नाही. भाऊ थांबला तशी होडीही थांबली. पाण्यावर पडलेलं वाळकं पान आमच्या बाजूला तसंच उभं. राजाराम बंधाऱ्याचं तुंबलेलं पाणी इथवर मागं आलेलं. भाऊ म्हणाला, "ही नदी नव्हं, तळं हाय."

ही नदी उन्हाळ्यातही भरलेली दिसते त्याचं श्रेय राधानगरीला. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरणाचं काम हाती घेतलं; ते पूर्ण व्हायला पुढची कित्येक दशकं गेली. धरणातून सोडलेलं पाणी बंधाऱ्याबंधाऱ्यात अडवत खाली न्यायचं आणि काठच्या शेतकऱ्यानं ते उपसायचं. वेगळा कालवा खणलाच नाही. नदीच्या पात्रालाच कालव्याचं काम दिलं. पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर पाण्यावर बसल्यावर मिळालं.

आंबेवाडीच्या पुढं काठाला लागून ऊस, तोड सुरू, पाचट जाळल्याचा वास. मळीच्या जमिनीतून पाण्यात उतरलेले मोटारींचे पाइप मोजायचं पुतण्यानं सांगितलं होतं. पहिल्या वळणापर्यंतच ते सोडून दिलं, इतके आहेत. पाइपाबरोबर वायरीही येतात, काही पाण्याला टेकलेल्या. वल्हं लावायच्या आधी प्रत्येक वायर बघून घेतली. होडीनं जाणाऱ्यानं या भागात सगळ्यात जास्त भ्यायचं ते यालाच.

शिवाजी पुलाखालून गेलो. खालून बघितल्यावर त्या दगडी कमानींची जाडी कळते. १८७० च्या दशकातलं काम, इतके पूर पचवून उभं. घाटावर धुणं धुणाऱ्या मावशींनी हात थांबवून विचारलं, "कुठनं आलासा?" चिखलीहून म्हटलं. "आनि कुठं?" वाडीला. "दत्त म्हाराजास्नी आमचा बी नमस्कार सांगा."

घाटाच्या पुढं वास बदलला. शहराचं सांडपाणी नाल्यांतून नदीकडं येतं. जयंती नाल्याचं पाणी उपसून कसबा बावड्याच्या ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात नेतात. तरीही काही ठिकाणी पाण्यावर करडा थर होता आणि वल्ह्याच्या घावानं तळातून बुडबुडे येत होते. काठावरून हे बुडबुडे दिसत नाहीत.

राजारामला उजव्या काठानं होडी काढली. वरच्या अंगाला दगड मोकळे आहेत, पाय घसरतो. खाली उतरायला ढोरवाट आहे, तिनं गाडी नीट गेली.

२० डिसेंबर, रुकडीच्या खाली

सुर्वे बंधारा सोपा गेला. शिरोलीच्या पुलाखाली पुणे-बंगळूर महामार्गाचा आवाज कानठळ्या बसवणारा. पुलापासून दोन वळणं पुढं आल्यावर खंड्याची शीळ ऐकू आली.

वळिवड्याच्या काठाला थांबलो. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेल्या जवळपास पाच हजार लोकांची छावणी १९४३ ते १९४८ इथं होती, बहुतेक बायका आणि पोरं. पुतण्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला तिथल्या जागा दाखवल्या आणि या काठावर पोलिश मुलं वाढली हे सांगितलं. तो बराच वेळ पाण्याकडं बघत बसला.

दुपारी रुकडीच्या रेल्वे पुलाखालून. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ चा. वरून पॅसेंजर गेली, डब्यांतून पोरांनी हात हलवले, भावानं वल्हं उंच करून उत्तर दिलं.

मुक्काम एका शेतकऱ्याच्या खोपीत. गुऱ्हाळ शेजारीच होतं. पुरात याच गुऱ्हाळाच्या काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतून, त्यांनी माणसं आणि शेरडं पलीकडं नेली. काहील मला दाखवली: लोखंडी, अंगणात पालथी घातलेली, कडेला दोर बांधायच्या कड्या. "तुमची व्हडी देखणी हाय," ते म्हणाले, "पर हिला वल्हं लागत न्हाई. बांबू टेकवायचा नि फिरत फिरत जायाचं." सरकारी बोट यायच्या आत त्यांच्या वस्तीत काहिलीच्या फेऱ्या झाल्या होत्या. नदीकाठचं हे ज्ञान कुठंही लिहिलेलं नाही.

२१ डिसेंबर, इचलकरंजी

रुई बंधाऱ्याला डावा काठ धरला. तिथं काठ सरळ कापलेला, मातीत पाय गुडघ्याएवढा गेला. रस्त्यानं जाणारी ऊसतोडीची मंडळी न बोलावता आली, सहा-सात जणांनी होडी उचलून वर ठेवली. बैलगाडीवाल्या दादांनी विचारलं, "ह्येला वाट का न्हाई ठेवली वं?"

हाच प्रश्न प्रकल्पाचा गाभा आहे. रात्री त्यावर वहीत पानं भरली. ते पुढं नीट लिहितो.

इचलकरंजीच्या वर हातकणंगले-कबनूरकडून येणारा ओढा मिळतो. इथून पुढं पाण्याचा रंग सांगवत नाही. शहराचं सांडपाणी आणि कापडावर प्रक्रिया करून उरलेलं पाणी, दोन्हीचा भार नदीवर. मासे धरणारे एक काका पुलाखाली बसले होते. जाळ्यात चिलापीच जास्त येते, मरळ कधीमधी.

२२ डिसेंबर, नरसोबावाडी

तेरवाडच्या वर केंदाळ, म्हणजे जलपर्णी. काठापासून काठापर्यंत हिरवा गालिचा, त्यावर जांभळी फुलं, बगळे त्यावरून चालतात. दिसायला सुंदर आहे आणि नदीचा जीव घेणारं आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खायला मिळतं, बंधाऱ्यामुळं पाणी हलत नाही, मग दोन आठवड्यांत दुप्पट वाढायला त्याला काय अडचण? खाली उजेड जात नाही, प्राणवायू संपतो, मासे वर येऊन तोंड उघडतात. याच भागात मेलेल्या माशांच्या बातम्या उन्हाळ्यात येतात.

होडी त्यात घुसवली. वल्हं चालत नाही. पातं मुळांत अडकतं. मग बांबू टेकवून, मी नाळेवर ओणवा होऊन हातानं केंदाळ फाडत. एक झाड उपटून होडीत घेतलं: दांड्याला हवेनं फुगलेला फुगा, आणि खाली हातभर लांब काळी केसाळ मुळं, त्यांत गाळ, बारीक गोगलगायी, प्लास्टिकची एक दोरी. त्या मुळांतून गाळलेलं पाणी बोटावरून ओघळलं ते मात्र स्वच्छ होतं. बंधाऱ्याच्या बरंच आधी डाव्या काठाला लागलो आणि उरलेलं अंतर गाडीवरून.

शिरोळ बंधाऱ्याच्या खाली पाणी मोकळं झालं. थोडी ओढ होती. भाऊ वल्हं आडवं ठेवून बसला आणि होडी आपोआप पुढं सरकत राहिली. साऱ्या वाटेत नदी अशी वाहताना इथंच भेटली.

दुपारी संगम. कृष्णा रुंद, पंचगंगा गढूळ. काही अंतर दोन्ही पाणी वेगळं ओळखू येतं. पलीकडं कुरुंदवाड, तिथल्या घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी. वाडीच्या घाटाला लागलो तेव्हा भाविकांना फिरवणाऱ्या नावाड्यांनी जागा करून दिली. त्यातल्या म्हाताऱ्या नावाड्यानं होडीच्या बुडाखाली हात घालून सांधा चाचपला आणि मामांना विचारलं, "कुठल्या गावचा सुतार?" मामांनी गावाचं नाव सांगितलं. दोघं घाटाच्या पायरीवर बसून लाकडाबद्दल बोलत राहिले.

घाटावरच्या मावशींचा नमस्कार पोचवला. पुरात हेच पाणी मंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि लोक त्या दक्षिणद्वाराच्या पाण्यात स्नानाला धावतात. बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन रात्री घरी.

१२ जानेवारी २०२५

कालव्याचा विषय सोडलेला नाही. वाडीवरून गेलेलं कृष्णेचं पाणी शेवटी विजयवाड्याला जातं. तिथं आर्थर कॉटनच्या योजनेतला बंधारा १८५५ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी १८५२ मध्ये गोदावरीवर धवळेश्वरमचा. त्या दोन्हींतून निघालेले कालवे शेती आणि होड्या अशा दोन्ही कामांसाठी खणले. एलुरू कालव्यानं कृष्णा आणि गोदावरीचा प्रदेश जोडला, भाताच्या पोत्यांनी भरलेल्या नावा त्यातून चालल्या. पाण्याची पातळी बदलते तिथं लॉक: दोन दरवाज्यांमधली दगडी खोली. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, झडपेनं पाणी सोडायचं, आतली पातळी खालच्या पाण्याशी आली की पुढचा दरवाजा उघडायचा. इंजिन नको, पंप नको. पाण्याचं वजनच काम करतं. फ्रान्समधला १६८१ चा कनाल द्यू मिदी याच तत्त्वावर आजही चालतो आणि लोक खासगी होड्या घेऊन त्यातून फिरतात.

२०१६ च्या कायद्यानं देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. त्यातल्या चौथ्या जलमार्गात कृष्णेचा पट्टा आहे, पण तो वरच्या अंगाला कर्नाटकात गलगलीपर्यंतच. आपला भाग त्याच्याही वर राहतो.

आपल्याकडं लॉक बांधा असं माझं म्हणणं नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची ताकद त्याच्या साधेपणात आहे. त्यात यंत्रं घुसवू नयेत. पण होडी उचलून न्यायची वाट, एवढं प्रत्येक बंधाऱ्याला देता येईल. वरच्या अंगाला बंधाऱ्यापासून पन्नास मीटर दूर एक उतार, खाली भोवऱ्याच्या पलीकडं दुसरा, मधे चार फूट रुंद खडीचा रस्ता. सहाला एक इतका ढाळ, वर खरबरीत काँक्रीट, बाजूला धरायला लोखंडी कडी. पुराच्या वेळी बचावपथकाची बोट याच उतारावरून पाण्यात जाईल. २०१९ ला राजारामपाशी पाणी ५५ फुटांवर गेलं तेव्हा बोट उतरवायला जागा शोधण्यात वेळ गेल्याचं गावोगाव ऐकलं. केंदाळ काढणाऱ्यांना उतार मिळेल. जनावरांना पाणवठा मिळेल. आणि नदीवर माणसं येतील. ज्या पाण्यावर माणूस रोज जातो त्यात मैला सोडणं इतकं सोपं राहत नाही, हे मला राजारामच्या खाली वल्हं मारताना पटलं.

९ फेब्रुवारी

पुतण्यानं रुई बंधाऱ्याच्या डाव्या काठाचं रेखाटन केलं, मामांनी त्यावर उताराचा लाकडी नमुना केला. एका ग्रामपंचायतीच्या बैठकीत तो मांडला. सरपंचताईंनी दोन प्रश्न विचारले: मे महिन्यात काढलेले बरगे रचायला जागा उरेल का, आणि पुराचं पाणी उताराच्या कडेनं काठ खाईल का. दोन्ही प्रश्न आमच्या रेखाटनात नव्हते. बरग्यांसाठी उताराच्या वरच्या बाजूला ओटा धरला. काठ खाण्याचं उत्तर मात्र मोजणी केल्याशिवाय देता येणार नाही. कडेला दगडी पिचिंग (काठावर बसवलेला दगडांचा थर) किती लांब न्यायचं ते पुराच्या पाण्याच्या वळणावर अवलंबून आहे.

पुढची कामं. बरगे काढायच्या आधी, मेच्या मध्याला, प्रत्येक बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांच्या पातळ्या घ्यायच्या. बरगे निघाल्यावर त्याच जागी पुन्हा. तेरवाडचा उजवा काठ केंदाळामुळं बघायचा राहिला आहे. मामांनी दुसऱ्या होडीसाठी सागाची फळी बघून ठेवली आहे. रुकडीच्या खोपीतल्या शेतकऱ्यांनी ती मागितली आहे, जूनच्या आत पाहिजे म्हणाले.